पिवळ्याच्या मागे

पहिल्या वर्षीच्या फोटोंचा फोल्डर मी अजून पुसलेला नाही. त्याचं नाव ‘हळद’. कोलोराडोतल्या केनोशा पासवर, म्हणजे खिंडीत, काढलेले ३४० फोटो, आणि बहुतेकांत कुणीतरी डोंगरावर हळदीचा डबा उपडा केल्यासारखं दिसतं. पान दिसत नाही, फांदी दिसत नाही, नुसता पिवळा रपका. आकाशाचा डावा कोपरा शाईसारखा आणि उजवा धुऊन धुऊन विटलेल्या पंचासारखा. प्रत्यक्षात त्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला तोंड उघडं टाकून उभी होते. घरी येऊन पडद्यावर बघितलं तर ते सगळं गेलं कुठे, हेच कळेना.

कोलोराडोत येऊन आम्हाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. इथला पानगळीचा रंग म्हणजे ॲस्पेन नावाचं झाड. अमेरिकेच्या ईशान्येला मेपल लालभडक होतात, कॅलेंडरांवर छापतात ते. आमच्या रॉकी पर्वतात तसा थाट नाही. स्प्रूस आणि पाइनचा काळपट हिरवा, त्यात ॲस्पेनचा पिवळा, संपलं. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हा खेळ चालतो आणि डेन्व्हरची निम्मी जनता शनिवारी सकाळी उठून २८५ नंबरच्या हायवेने केनोशाला निघते. आम्हीही निघालो. अकराच्या सुमारास पोचलो तर दोन्ही अंगांना गाड्यांची रांग, पोरं-कुत्री-ट्रायपॉड, गणपतीच्या आदल्या दिवशी मंडईत असतो तसा कल्ला.

काय काय चुकलं ते उमगायला पुढची दोन वर्षं गेली. ऊन डोक्यावर आणि झाडांच्या तोंडावर, त्यामुळे सावली नाही, खोली नाही. पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायची ती फिरती काच, मी हौसेने पूर्ण फिरवून ठेवली होती. तिने पानांवरची चकाकी जाते हे खरं, पण १०,००० फुटांवर आकाश मुळातच गडद असतं आणि सूर्याशी काटकोनात असलेल्या पट्ट्यात ती काच सगळ्यात जास्त काम करते. वाइड लेन्सच्या चौकटीत तेवढाच पट्टा काळा पडतो, बाकीचं आकाश फिकंच राहतं. शिवाय व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर. समोर एवढा पिवळा बघून कॅमेऱ्याला वाटलं, उजेडच पिवळा दिसतोय, चला थोडा निळा घालू. झालं, सोन्याचं पितळ झालं.

सगळ्यात मोठी चूक मात्र हिस्टोग्रामची, म्हणजे कॅमेरा दाखवतो त्या उजेडाच्या आलेखाची. कॅमेऱ्याच्या लेखी पिवळा असा रंगच नसतो. त्याच्याकडे लाल, हिरवा आणि निळा अशी तीन खाती. उन्हातल्या ॲस्पेनच्या पानात लाल भरभरून, हिरवा बऱ्यापैकी आणि निळा जवळजवळ नाहीच. एकूण उजेडाचा आलेख बघितला तर सगळं आलबेल दिसतं, पण तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे उघडले की लाल उजवीकडच्या भिंतीवर डोकं आपटून बसलेला असतो. लाल ओसंडला की पानाच्या शिरा, कडेचे दाते, वरचं पान आणि खालचं पान यातला फरक, सगळं त्यात बुडून जातं. तीच माझी हळद.

मग एका हिवाळ्यात वैतागून मी त्या फोल्डरमधले काही फोटो कृष्णधवल करून बघितले. ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकी छायाचित्रकाराने १९५८ साली न्यू मेक्सिकोच्या उत्तर भागात टिपलेले ॲस्पेन मी पाहिले होते. काळोख्या रानापुढे उभी उजळ खोडं आणि चमकणारी पानं, त्यात रंगाचा टिपूसही नाही, तरी बघत राहावं असं. माझ्या फोटोंतला रंग काढला तर मागे करडी पेज उरली. ना काळं, ना पांढरं. म्हणजे त्या फोटोंत पिवळ्याशिवाय काहीच नव्हतं! हे एकदा दिसल्यावर मी ठरवलं, पुढच्या खेपेला कॅमेऱ्याचा पडदाच कृष्णधवल ठेवायचा. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीत, रंग सगळा राहतोच, फक्त काढताना आपल्याला दिसत नाही. दारूड्याच्या घरातून बाटली लपवावी तसं.

ती पुढची खेप गेल्या सप्टेंबरात आली, आणि बरोबर आई होती.

आई साताऱ्याहून ऑगस्टमध्ये आली होती. नवरात्राचे घट साताऱ्याला वहिनीकडे बसणार होते, त्यामुळे ती इथे मोकळी. नवऱ्याने केनोशाचा ट्रॅफिक एकदा भोगलेला, त्याने ‘तुम्ही मायलेकी जा’ म्हणून अंग काढून घेतलं. मला आईच्या श्वासाची काळजी होती, कारण जायचं ते १०,००० फुटांवर. पण डेन्व्हर स्वतःच ५,२८० फुटांवर आहे आणि तिथे तिचे पाच आठवडे झाले होते. ‘तुमच्याकडे कुकरशिवाय डाळच शिजत नाही’ एवढी एकच तक्रार. ती खरी आहे, इथे पाणी ९५ अंशांनाच उकळतं.

कधी जायचं हा प्रश्न कुठे जायचं यापेक्षा अवघड. आम्ही साताऱ्याची माणसं, भाद्रपदात ‘कासला फुलं आली का’ या प्रश्नावर मोठी झालो. इथे तसंच, पण ‘पीक’ (म्हणजे रंगाचा कळस) या इंग्रजी शब्दाभोवती. वेबकॅम बघा, कालचे फोटो बघा, वाऱ्याचा अंदाज बघा. उत्तरेकडचे आणि उंचावरचे ॲस्पेन आधी पिवळे होतात, दक्षिणेकडचे आणि खालचे नंतर. दिवस लहान होऊ लागले की झाड हिरवं द्रव्य करायचं थांबवतं आणि आधीपासून पानात असलेला पिवळा उघडा पडतो. रात्री गार आणि दिवसा कोरडं ऊन मिळालं तर रंग खुलतो, एक वादळी रात्र झाली तर सकाळी सगळा खाली. एखाद्या राईला जेमतेम आठवडा मिळतो. मरून बेल्स नावाची जी जगप्रसिद्ध जोडशिखरं आहेत तिथे जायला बसचं किंवा पार्किंगचं आगाऊ आरक्षण लागतं. हेही कासनेच शिकवलंय आपल्याला. माझ्या तारखांना ते मिळालं नाही, आणि खरं सांगायचं तर फार वाईटही वाटलं नाही. मी केब्लर पास ठरवला.

केब्लर पास म्हणजे क्रेस्टेड ब्यूट या गावातून पश्चिमेकडे जाणारा सुमारे तीस मैलांचा कच्चा रस्ता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना कोलोराडोतल्या सगळ्यात मोठ्या ॲस्पेन रायांपैकी एक. क्रेस्टेड ब्यूटमधल्या खोल्यांचे भाव बघून आम्ही खाली गनिसनला उतरलो. डेन्व्हरहून चार तास, वाटेत केनोशा (या वेळी गुरुवार, त्यामुळे शांत), मग ११,३१२ फुटांचा मोनार्क पास. तिथे आईने कान दुखतात म्हणून राजगिऱ्याचा लाडू चघळला. तिला नवरात्राचे उपवास होते आणि माझ्या डिकीत कॅमेऱ्याच्या बॅगेपेक्षा तिचा उपवासाचा डबा मोठा होता.

गाडीतून तिने पहिला शोध लावला. समोरच्या उतारावर एक पट्टा हिरवा, शेजारचा लिंबासारखा पिवळा, त्याच्याखालचा केशरी, कडा कात्रीने कापल्यासारख्या. ‘गोधडी घातलीय डोंगराला,’ ती म्हणाली. मग मी माझं ज्ञान पाजळलं. ॲस्पेन बहुतेक वेळा बीतून येत नाही, मुळांतून फुटतो. एका मुळाच्या जाळ्यातून शेकडो, हजारो खोडं वर येतात आणि ती सगळी मिळून एकच झाड. त्यामुळे एक कुळ एकदम पिवळं होतं, शेजारचं कूळ आपल्या सवडीने. युटामध्ये ‘पांडो’ नावाचं असं एक झाड आहे, ४३ हेक्टरवर पसरलेलं, सुमारे ४७,००० खोडांचं.

‘म्हणजे केळीसारखं,’ आई म्हणाली. ‘पिल्लं फुटतात तशी.’

मी दोन वर्षं वाचून जे सांगितलं ते तिने दोन शब्दांत बसवलं.

पहाटे साडेपाचला गाडीच्या काचेवर बर्फाची साय. आईच्या अंगावर सुती साडी, त्यावर माझ्या नवऱ्याचं बर्फातलं जाकीट, पायात स्पोर्ट्स शूज, डोक्याला मफलर आणि सगळ्यांवर भडक केशरी रंगाचं जाळीदार जॅकेट. हे शेवटचं माझ्या हट्टामुळे. सप्टेंबरात तिथे धनुष्यबाणाने एल्क, म्हणजे तिथलं मोठं हरीण, मारायचा हंगाम असतो आणि रानात फिरताना आपण माणूस आहोत हे लांबून कळलेलं बरं. ‘धनुष्यबाण? आणि दसरा तोंडावर आलेला!’ यावर ती वाटभर हसत होती. क्रेस्टेड ब्यूट सोडून कच्च्या रस्त्याला लागलो आणि एका वळणावर गाडी थांबवून काच खाली केली, तर अंधारातून लांबलचक शीळ आली. आधी बासरीसारखी वर चढत गेली आणि मग दार करकरावं तशी मोडली. एल्कचा नर माजावर आला की असा ओरडतो. एवढ्या मोठ्या जनावराचा इतका बारीक आवाज ऐकून आईने माझा दंड धरला.

सूर्योदय हॉर्स रँच पार्कला केला. समोर रूबी रेंजचे सुळके गुलाबी होतात, खाली पिवळी राई. आमच्या आधी वीसेक ट्रायपॉड रांगेत लागलेले. तो फोटो मीही काढला, चांगला आला. बाकीच्या विसांचाही आला असणार.

खरं काम त्यानंतर, रस्ता राईच्या आत शिरतो तिथे. तिथले ॲस्पेन साठ-सत्तर फुटी, सरळसोट, खाली वाळून तांबूस झालेली नेचे. ऊन अजून वरच्या शेंड्यांवर, आत निळसर सावली. मी ट्रायपॉड रोवला, ७०-२०० ची लेन्स लावली, कारण लांब लेन्सने मागची-पुढची खोडं एकमेकांजवळ येतात आणि आकाश चौकटीतून हद्दपार करता येतं. पडदा कृष्णधवल. एफ ११ (लेन्सचं भोक लहान), आयएसओ १०० (सेन्सरची संवेदना कमी), शटर १/८ सेकंद उघडं. वारा अजिबात नाही असं मला वाटलं होतं. फोटो बघितला तर खोडं दगडासारखी स्पष्ट आणि पानांचा मात्र नुसता धूर.

‘वारा कुठाय?’ मी स्वतःशीच पुटपुटले.

‘वारा कशाला लागतो याला?’ आई गाडीच्या बॉनेटला टेकून चहा पीत होती. ‘पिंपळासारखं आहे हे. मेल्या दुपारीसुद्धा सळसळणारं.’

मग तिने वाटेवरचं एक गळलेलं पान उचललं आणि देठ चिमटीत धरून फिरवायला लागली. लहानपणी पिंपळपान आम्ही असंच भिरभिरवायचो, देठ बोटांत गोल फिरतो. हा फिरेना. ‘चपटा आहे गं देठ,’ ती म्हणाली आणि पान माझ्या हातात दिलं. खरंच, पट्टीसारखा चपटा, आणि तोही पानाला आडवा नाही तर उभा, काटकोनात. त्यामुळे पानाला कुठल्याच बाजूने आधार नाही, कुणी फुंकर घातली तरी ते डुलतं. शास्त्रीय नावातला ‘ट्रेम्युलॉइडीस’ म्हणजे थरथरणारा, हे मला पाठ होतं. देठ चिमटीत धरून बघायचं मात्र कधी सुचलं नव्हतं.

तर थरथर गृहीत धरायची. आता दोन रस्ते. एक, आयएसओ १६०० करायचा, एफ ८ वर यायचं आणि शटर १/२५० च्या वर न्यायचं. थोडे दाणे आले तर आले, पान पान म्हणून दिसलं पाहिजे. दुसरा, उलट दिशेने जायचं, शटर दोन सेकंद उघडं ठेवायचं आणि पानांचा धूर पुरता होऊ द्यायचा, म्हणजे तो चूक न वाटता मुद्दाम केल्यासारखा दिसतो. १/८ हे मधलं काहीतरी, धड ना इकडचं ना तिकडचं. माझ्या ‘हळद’ फोल्डरमध्ये सावलीत काढलेले जे थोडे फोटो होते ते सगळे या मधल्या दलदलीतले. त्या सकाळी मी एकाच जागेवरून दोन्ही प्रकार काढले. आईने येऊन पडद्यात डोकावलं.

‘अगं, एवढं पिवळं समोर असताना तू काळंपांढरं काय काढतेयस? कॅमेरा बिघडला का?’

नाही म्हटलं, मुद्दाम. तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी एमएस्सी सोडून नोकरी धरली तेव्हा शेवटची पाहिली होती.

पण पडद्यावरचा पिवळा गेल्यामुळे मला पहिल्यांदा खोडं दिसायला लागली. ॲस्पेनचं खोड पांढरं म्हणतात, ते पांढरं नाही. सावलीत निळसर राखाडी, उन्हाच्या बाजूला सायीसारखं, आणि सालीखाली हिरवी झाक, कारण ही साल स्वतःसुद्धा उन्हातून अन्न करते. हात लावला तर पांढरी पूड तळव्याला लागते. खालच्या फांद्या झाड आपणच टाकून देतं आणि जिथून त्या गळल्या तिथे काळे डोळे राहतात, भुवईसकट. बुंध्याशी काळी खरबरीत साल दिसते, ती एल्कने हिवाळ्यात कुरतडल्याची खूण. आणि मग माणसांनी कोरलेली नावं, बदाम, तारखा. त्या जखमांतून बुरशी आत शिरते आणि या पातळ सालीच्या झाडाला ती पेलत नाही. रायरेश्वरापासून रॉकीपर्यंत प्रेमवीर सारखेच.

साडेनऊला ऊन राईच्या आत उतरलं आणि मी पाठ फिरवून सूर्याकडे तोंड केलं. ॲस्पेनचं पान समोरून उजळलं की रंगवलेल्या पत्र्यासारखं दिसतं, मागून उजेड आला की आतून पेटतं, शिरा मोजता येतात. अट एवढीच की त्या पानामागे काहीतरी काळं हवं, सावलीतला स्प्रूस किंवा डोंगराची पाठ. मागे आकाश आलं की पान फिकं पडतं. नखशिखांत सोनं घातलेल्या बाईचा एकही दागिना लक्षात राहत नाही, त्यातलीच गत. पोलरायझर मी काढूनच ठेवला, लेन्सवर येणारं ऊन आईने माझ्या टोपीने अडवलं आणि लाल ओसंडू नये म्हणून उजेड दोन-तृतीयांश स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाली आणला. पडद्यावरचा फोटो काळवंडलेला वाटतो, मन दुखतं, पण शिरा राहतात.

आणि तेवढ्यात गाई आल्या.

उन्हाळाभर वर चरायला सोडलेली गुरं थंडीच्या आत खाली न्यायची असतात, आणि त्यांना न्यायला केब्लरचाच रस्ता. आधी दोन कुत्री, मग शे-दीडशे काळ्या-तांबड्या गाई-वासरं, मागे घोड्यांवर तिघं. आमची गाडी मधोमध अडकली. आई खाली उतरायला निघाली, मी ओढून आत बसवली. ‘गुराखी घोड्यावर! आणि बाई आहे गं त्यातली एक!’ काच खाली करून ती ‘हाऽ हाऽ, हळू हळू’ करत गाईंना मराठीत वाट दाखवत होती. एक वासरू आमच्या आरशाला नाक लावून उभंच राहिलं.

मला मात्र धूळ दिसली. शंभरावर गाईंच्या खुरांनी कच्च्या रस्त्याची धूळ वर उठली आणि मागून येणाऱ्या उन्हाने राईतून तिच्यात तिरपे पट्टे पाडले. खोडाखोडाची सावली हवेत दिसायला लागली. इतकी वर्षं धुकं पडेल म्हणून वाट बघत होते, ते गाईंनी आणलं. गाडीच्या खिडकीतूनच, हातात धरून, २०० मिलिमीटर, १/५००, एफ ८, आयएसओ ४००. ट्रायपॉड डिकीत. तीन-चार मिनिटं मिळाली असतील. त्याची किंमतही मोजली. मधेच घाईत लेन्स बदलली आणि केब्लरची मूठभर धूळ सेन्सरवर घेऊन आले. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत एकाच ठिकाणी तीन काळे ठिपके आहेत. धुळीत लेन्स उघडू नये हे मी स्वतः दहा जणांना शिकवलेलं.

दुपारी ढग आले. बाकीचे लोक ट्रायपॉड गुंडाळून परतायला लागले आणि आम्ही लॉस्ट लेकच्या फाट्याला वळलो, जिथे तळ्यामागे ईस्ट बेकविथचा डोंगर उभा आहे. तळ्यात वाऱ्याने प्रतिबिंब नव्हतं, सोडून दिलं. परतीच्या वाटेवरच्या राईत भुरभुर पाऊस सुरू झाला आणि तो माझ्या मते त्या दोन दिवसांतला सगळ्यात चांगला उजेड होता. ढगाखाली सावल्या मवाळ होतात, ओली खोडं गडद होतात, आणि आता तो सकाळी काढून ठेवलेला पोलरायझर हवाच, कारण ओल्या पानावर आभाळाची पांढरी चकाकी येते. काच फिरवली की चकाकी पुसली जाते आणि खालचा रंग वर येतो. आकाश चौकटीत नसल्यामुळे ते काळं पडायची भीती नाही. त्या काचेत दीड-दोन स्टॉप उजेड जातो तेवढा आयएसओ वाढवला. आई माझ्यावर छत्री धरून उभी. माझ्यावर म्हणजे कॅमेऱ्यावर, मी भिजत होते.

थोड्या वेळाने तिला कंटाळा आला. ‘माणूस नसलेले फोटो किती काढायचे? नंतर बघायला कुणाला बोलावणार?’ असं म्हणून छत्री माझ्या खांद्याला अडकवून ती पानं वेचायला राईत आत गेली. मी मनातल्या मनात चरफडत तिची चौकटीतून बाहेर जायची वाट बघत होते. ती पंचवीस-तीस पावलांवर वाकली, उभी राहिली, वर बघितलं. त्या सत्तर फुटी खोडांच्या मधे ती एवढीशी, बोटाच्या पेराएवढी. तोवर मला त्या झाडांची उंची फोटोत आणताच आली नव्हती. सगळी खोडं सारखी असली की ती सात फुटी आहेत की सत्तर, कळायला काही मार्ग नसतो. मी शटर दाबलं. पडदा कृष्णधवल असल्यामुळे तिचं ते केशरी जॅकेट मला रात्रीपर्यंत दिसलं नाही.

त्या रात्री गनिसनला मोटेलच्या खिडक्या वाजत होत्या. सकाळी पुन्हा वर गेलो तर कालची राई निम्मी रिकामी. शेंडे उघडे, फांद्या शिसपेन्सिलीने काढल्यासारख्या, आणि जमिनीवर चार बोटं थर. एक माणूस रस्त्यात कमरेवर हात ठेवून ‘संपलं’ म्हणत उभा होता. मी ट्रायपॉड गुडघ्याएवढा खाली केला. गळलेल्या पानांत काही सुलटी, काही पालथी. पालथ्या पानाची पाठ फिकट, चंदेरी, आणि तिच्यावर गोठलेल्या दवाचे दाणे. काही पानांना काळे डाग, काहींना हिरवी शीर अजून जिवंत. तासभर तिथेच गुडघ्यांवर. आई गाडीत हीटर लावून जप करत बसली होती. मी परत आले तेव्हा म्हणाली, ‘झालं का? तुझ्यासाठी एक लाडू राखून ठेवलाय.’

घरी आल्यावर ६४० फोटो उतरवले आणि पडद्यावर रंग परत आले. खरं सांगते, पहिल्यांदा भीती वाटली. मग चाळत गेले. नियम एकच ठेवला, रंग भडक करणाऱ्या सॅच्युरेशनच्या पट्टीला हात लावायचा नाही. उलट पिवळ्याचा उजेड थोडा खाली आणला, व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर स्थिर ठेवला, सावलीतल्या खोडांचा निळा तसाच राहू दिला, कारण तो निळा आहे म्हणूनच तो पिवळा ऊबदार वाटतो. ६४० मधून ११ राहिले. छापायला दिले तर पहिल्या खेपेला दुकानातून केशरी होऊन आले, त्यांच्या यंत्राची आणि माझ्या पडद्याची पिवळ्याबद्दलची मतं वेगळी. दुसऱ्या खेपेला चकचकीत कागद सोडून मॅट घेतला, तेव्हा कुठे पानं पानांसारखी दिसली. आईचा तो केशरी ठिपक्याचा फोटो मी भिंतीवर लावला आहे. बघणारा प्रत्येक जण आधी तो ठिपका बघतो आणि मग मान वर करत करत झाडं बघतो.

दसऱ्याला आमच्याकडे दरवर्षी आपट्याच्या पानांची पंचाईत. मंडळात कागदाची कापून वाटतात. या वर्षी आईने देव्हाऱ्यात स्टीलच्या ताटलीत राईतून वेचलेली ॲस्पेनची पानं मांडली आणि शेजारच्या दोन मराठी घरांत जाऊन ‘सोनं घ्या’ म्हणून वाटून आली. तोवर त्यांच्या कडा तपकिरी पडायला लागल्या होत्या. कुणी काही बोललं नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस ती परत निघाली. बॅग भरताना मी ते अकरा प्रिंट पलंगावर पसरले आणि म्हटलं, आई, साताऱ्याला न्यायला एक निवड, कुठलाही. मला वाटलं होतं, ती स्वतःचा घेईल. तिने चष्मा लावून प्रत्येक नीट बघितला, दोनदा बघितला. मग विचारलं, ‘यात त्या वासराचा का नाही? आरशाला नाक लावलं होतं तो?’

तो मी निवडलाच नव्हता. फोकस चुकलेला, अर्ध्या चौकटीत आमच्या गाडीचा आरसा, वासराच्या नाकावर धूळ.

‘आई, त्यात ॲस्पेन कुठायत?’

‘मागे आहेत की,’ ती म्हणाली. ‘पिवळं पिवळं दिसतंय ते काय मग?’